भरपाईची गोष्ट पुरे

2 नोव्हेंबर 2025 ला, मध्यरात्रीच्या सुमारास, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन नदिन डी क्लर्कचा झेल घेतला आणि भारताच्या महिला संघाने पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. थोड्या वेळाने ती प्रशिक्षक अमोल मुझुमदारच्या पाया पडली. तो फोटो सगळ्यांनी पाहिला. फोटोबरोबर एक गोष्टही घरोघरी पोचली: अकरा हजारांवर धावा करूनही ज्याला भारताची टोपी कधी मिळाली नाही, त्याला नियतीने अखेर विश्वचषक देऊन भरपाई केली.

पनवेलहून नेरुळ म्हणजे हार्बरची सहा स्टेशनं. स्टेडियम तर सायन-पनवेल महामार्गाला लागूनच. त्यामुळे इथे ही गोष्ट जरा जास्तच आपलेपणाने सांगितली जाते. गाडीत, चहाच्या टपरीवर, बक्षीस समारंभात माईक हाती आलेल्या पाहुण्याच्या तोंडी. ‘देव के घर देर है’ पासून ‘चक दे’मधल्या कबीर खानपर्यंत सगळे दाखले देऊन झाले आहेत.

गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. मुझुमदारचा गौरव करायला निघालेले लोक त्याच्या वीस वर्षांच्या खेळाला रद्दीचा भाव देतात आणि जाता जाता मुलींनी जिंकलेला चषकही त्याच्या जुन्या खात्यात जमा करून टाकतात.

आधी थोडं मागे जाऊ, फार नाही, तीनेक आठवडे. 9 ऑक्टोबरला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून हार. 12 ऑक्टोबरला तिथेच 330 धावा करूनही ऑस्ट्रेलियाकडून हार. 19 ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध हातात आलेला सामना चार धावांनी घालवला. लागोपाठ तीन. त्या आठवड्यात मुझुमदारबद्दल काय बोललं जात होतं ते आठवून पाहा. जो स्वतः एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही, त्याला या पातळीवरचं दडपण काय कळणार, असं चारचौघांत बिनदिक्कत म्हटलं जात होतं. पंधरा दिवसांत तेच वाक्य उलटं झालं: स्वतः खेळू शकला नाही, म्हणूनच तर त्याला त्या मुलींची तडफड कळली!

लोकांची मतं बदलतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं असं की मत बदललेलंच नाही. 19 ऑक्टोबरला शिव्या देणारा आणि 2 नोव्हेंबरला डोळे पुसणारा, दोघांच्या हातात मोजपट्टी एकच आहे: भारताकडून खेळला की नाही? एकाने ती लावून माणूस नालायक ठरवला, दुसऱ्याने तीच लावून बिचारा ठरवला. त्या माणसाने प्रत्यक्षात केलं काय, हे दोघांनीही पाहिलं नाही.

काय केलं? 1993-94 च्या मोसमात फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात 260. वय एकोणीस. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो विश्वविक्रम 2018 च्या डिसेंबरपर्यंत टिकला. पुढे 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतकं, 48 च्या वर सरासरी. मुंबई, मग आसाम, मग आंध्र. 2014 मध्ये निवृत्ती.

या सगळ्याला भरपाईवाले ‘वाट पाहणं’ म्हणतात. त्यांचा लाडका पुरावा म्हणजे 1988 चा हॅरिस शील्ड सामना. तेंडुलकर-कांबळी 664 धावांची भागी रचत होते आणि पुढचा फलंदाज म्हणून चिमुकला अमोल पॅड बांधून बसला होता. किस्सा खराच आहे, छानही आहे. पण त्याचं भाकीत करून टाकलं गेलं. जणू तेरा वर्षांच्या पोराच्या कपाळावर त्याच दिवशी ‘तू आयुष्यभर पॅड बांधून बसणार’ असं लिहिलं गेलं. अहो, तो बसला नाही! शाळेच्या त्या दोन दिवसांनंतर वीस मोसम तो खेळपट्टीवर उभा होता. एप्रिलपर्यंत लांबणारे मोसम, फिरोजशाह कोटल्यावरची धुक्यातली सकाळ, गुवाहाटीची ओलसर विकेट, रिकाम्या स्टँडसमोर दिवसभराची फलंदाजी. हे ज्याला प्रतीक्षालय वाटतं, त्याने रणजी सामना कधी बसून पाहिलेला नाही.

आणि इथे मुंबईकर क्रिकेटवाल्यांना मी विशेष दोष देईन. रणजी हीच आमची खरी श्रीमंती, असं म्हणत आपण मोठे झालो. मुंबईचं कर्णधारपद हे एकेकाळी मोठ्या मानाचं होतं. मग मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी जिंकलेल्या माणसाकडे पाहताना ‘बिचारा’ हा शब्द आपल्या तोंडी येतो कसा?

त्या 2006-07 च्या मोसमाकडे जरा नीट पाहायला हवं, कारण भरपाईच्या गोष्टीला तिथेच सर्वांत मोठं भगदाड पडतं. मुझुमदार कर्णधार. मुंबईने पहिले तीन सामने गमावले. गटात तळाला. तिथून संघ उपांत्य फेरीत पोचला. बडोद्याविरुद्धच्या त्या सामन्यात दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नसताना पाच गडी बाद झाले होते. शून्यावर पाच! तो सामना मुंबईने जिंकला, मग बंगालला हरवून सदतिसावं रणजी विजेतेपदही. आता 2025 चा ऑक्टोबर पुन्हा पाहा. लागोपाठ तीन पराभव, ड्रेसिंग रूममध्ये मान खाली घातलेल्या खेळाडू, बाहेर गदारोळ. अशा खोलीत उभं राहून काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे त्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण आपल्यासमोर आहे. तो अशा खोलीत आधी उभा राहिलेला होता. ते शहाणपण रणजीतून आलं. न मिळालेल्या टोपीच्या दुःखातून आलं, असं म्हणणारे त्याच्या आयुष्यातला सर्वांत उपयोगी धडाच पुसून टाकतात.

बरं, त्याच्यावर अन्याय झाला की नाही? भरपाईवाल्यांचा यावर एवढा भर आहे की उत्तर द्यायलाच हवं. 1994 मध्ये तो भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा उपकर्णधार होता, भारत ‘अ’ संघात गांगुली आणि द्रविडबरोबर खेळत होता. 1996 च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड दोघंही कसोटीत आले, नोव्हेंबरमध्ये लक्ष्मण. तेंडुलकर होताच. मधल्या फळीची दारं पुढची दहा-बारा वर्षं आतून बंद झाली. यात खलनायक शोधायचा तर निवड समितीपेक्षा त्या काळाच्या समृद्धीलाच पकडावं लागेल. एखाद-दुसरी संधी द्यायला हवी होती, असं मलाही वाटतं. मधल्या काळात त्याच्यापेक्षा कितीतरी कमी धावा केलेल्यांना ती मिळाली. पण अन्याय झाला असेल, तर तो झालाच. 2025 च्या चषकाने 1998 चा अन्याय फिटत नाही. ज्या समित्यांनी त्याला घेतलं नाही, त्यांच्यावतीने हरमनप्रीतच्या संघाने हप्ते भरायचे कशासाठी?

आणि भरपाई हा नियतीचा नियम असेल, तर पद्माकर शिवलकरांचं काय? प्रथम श्रेणीत 589 बळी, एकही कसोटी नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल, एकट्या रणजीत 637 बळी, एकही कसोटी नाही. दोघंही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघांच्या वाटेत बिशनसिंग बेदी. बोर्डाने 2017 मध्ये दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल 2020 मध्ये गेले, शिवलकर 2025 च्या मार्चमध्ये. त्यांच्या नावावर कुणी विश्वचषक जमा केला नाही. म्हणजे नियतीने त्यांना फसवलं, की त्यांची तपश्चर्या कमी पडली? ज्याचा शेवट गोड झाला त्याचीच गोष्ट सांगायची आणि त्यालाच न्याय म्हणायचं, हा न्यायाचा सोयीस्कर प्रकार झाला.

या गोष्टीचा साचा तरी नवा आहे का? 2022 चा जून आठवा. बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. 1998-99 मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून तो अंतिम सामना हरला होता, म्हणून तेवीस वर्षांनी ‘वर्तुळ पूर्ण झालं’ असे मथळे सजले. त्याच्याही वेळी कबीर खान आठवला गेला. 2022 च्या त्या अंतिम सामन्यात हरलेला संघ कुठला? मुंबई. आणि मुंबईचा प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार. त्या दिवशी नियतीला मुझुमदारचा हिशेब आठवला नव्हता, की दोघांपैकी कुणाचं दुःख वजनाला जास्त भरतं याचा तराजू तिने काढला होता?

पंडितच्या बाबतीत भरपाईची गोष्ट आणखीच लंगडी पडते. तो भारताकडून पाच कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळला. प्रशिक्षक म्हणून त्याच्या खात्यात सहा रणजी विजेतेपदं आहेत: मुंबईची तीन, विदर्भाची लागोपाठ दोन, मध्य प्रदेशचं एक. त्याची ख्याती कडक शिस्तीची. मुझुमदारबद्दल ऐकू येतं ते शांतपणाचं. एक खेळलेला, एक न खेळलेला. एक तापट, एक निवांत. आणि दोघंही शिवाजी पार्कवरच्या आचरेकर सरांच्या हाताखालून गेलेले. चांगला प्रशिक्षक कशाने घडतो याचं उत्तर यातून निघत असेल तर एवढंच की निळी टोपी त्यात मोजायची गरज नाही.

हे क्रिकेटपुरतं नाही. आपल्याकडे जो खेळ लडाखबाहेर कुणी फारसा खेळत नाही, त्या आइस हॉकीचं उदाहरण घ्या. उत्तर अमेरिकेची एनएचएल ही त्या खेळातली सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिथे वेन ग्रेट्झकी हा सर्वकाळचा श्रेष्ठ खेळाडू मानला जातो. निवृत्तीनंतर तो फीनिक्सच्या संघाचा प्रशिक्षक झाला, 2005 पासून चार मोसम. एकदाही त्याचा संघ बाद फेरीत पोचला नाही. उलट स्कॉटी बोमन. कनिष्ठ गटात असतानाच डोक्याला झालेल्या दुखापतीने त्याचं खेळणं आटोपलं, एनएचएलमध्ये तो एक मिनिटही खेळला नाही. प्रशिक्षक म्हणून त्याने नऊ वेळा स्टॅन्ली कप जिंकला, तीन वेगवेगळ्या संघांसह. तो विक्रम आजही त्याचाच. टॅम्पा बेला 2020 आणि 2021 असा लागोपाठ दोनदा तो कप जिंकून देणारा जॉन कूपर तर आधी वकिली करत होता. बोमन आपल्याकडे जन्मला असता तर नऊही कप आपण त्याच्या डोक्यावरच्या त्या जखमेच्या नावे लिहिले असते.

प्रशिक्षण हा वेगळा धंदा आहे आणि तो वेगळा शिकावा लागतो. मुझुमदार तो शिकला. नेदरलँड्सच्या फलंदाजांबरोबर काम, राजस्थान रॉयल्समध्ये फलंदाजी प्रशिक्षक, 2019 च्या भारत दौऱ्यावर दक्षिण आफ्रिकेचा फलंदाजी प्रशिक्षक, मग 2021 पासून मुंबई. 2022-23 मध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा जिंकला तो त्याच्याच काळात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये महिला संघ. डिसेंबरमध्ये डी. वाय. पाटीलवरच इंग्लंडला कसोटीत 347 धावांनी हरवलं, पाठोपाठ वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला कसोटी विजय. 2024 मध्ये अमिरातीतल्या टी-20 विश्वचषकात गटातूनच बाहेर. चुका, दुरुस्त्या, पुन्हा चुका. 2025 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध जादा गोलंदाजासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं. पुढच्या सामन्यात परत घेतलं, तेही तिसऱ्या क्रमांकावर. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिने त्याच क्रमांकावर नाबाद 127 केल्या. प्रशिक्षकाच्या कामाचा हिशेब मांडायचा तो अशा निर्णयांचा. त्यात वादाला भरपूर जागा आहे आणि तो वाद रंगायला हवा होता. पण नियती एकदा व्यासपीठावर येऊन बसली की जेमिमाला आधी बसवलंच का, हा साधा प्रश्नही अभद्र वाटू लागतो.

आता मुलींबद्दल. भरपाईची गोष्ट सर्वांत जास्त कुणावर अन्याय करत असेल तर त्यांच्यावर. अंतिम सामन्यात शफाली वर्माच्या 87. ती मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य फेरीच्या तोंडावर तिला बोलावलं. दीप्ती शर्माच्या 58 धावा आणि 39 धावांत पाच बळी. स्पर्धेत एकूण 22 बळी. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या स्पर्धेत चारशेवर धावा. यातल्या प्रत्येकीची स्वतःची गोष्ट आहे, पण पाया पडण्याच्या त्या फोटोखाली त्या सगळ्या एका पुरुषाच्या कथेतली पात्रं होऊन बसल्या.

त्याच रात्रीचं आणखी एक दृश्य होतं, ते मात्र कुणी सुविचार लिहून पुढे पाठवलं नाही. त्याच मैदानावर संघाने चषक नेऊन मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. मिताली आणि झुलन 2005 चा अंतिम सामना हरल्या, 2017 चा लॉर्ड्सवरचा नऊ धावांनी हरल्या. त्यांच्याही मागे जा. 1973 मध्ये महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा, तीन संघांची. शांता रंगास्वामी, डायना एडुलजी, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. पैसा नाही, प्रेक्षक नाहीत, आरक्षणाशिवाय रेल्वेचे प्रवास. 2006 मध्ये महिला क्रिकेट बोर्डाच्या छत्राखाली आलं, 2022 मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, 2023 मध्ये महिलांची प्रीमियर लीग याच डी. वाय. पाटीलवर सुरू झाली. चषक कशातून आला ते शोधायचं तर या रस्त्याने जावं लागतं. उसनी भावुकता बाजूला ठेवली की आणखी एक प्रश्न दिसतो. 2017 पासून या संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी पूर्णवेळ नेमलेली नावं बघा: तुषार आरोठे, रमेश पोवार, डब्ल्यू. व्ही. रामन, पुन्हा पोवार, मुझुमदार. नूशीन अल खदीरला मिळाला तो एका दौऱ्यापुरता हंगामी कारभार. आपल्याकडे पन्नास वर्षांत खेळून निवृत्त झालेल्या बायकांच्या पिढ्या आहेत. त्यांच्यातून प्रशिक्षक का तयार होत नाहीत, की तयार असूनही नेमले जात नाहीत? मुझुमदार त्या पदाला लायक आहे, हे त्याने दाखवलं आहे. पण त्याच्या न मिळालेल्या टोपीसाठी हळहळताना आपण या दुसऱ्या रांगेकडे पाठ करून उभे असतो.

यावर मला सांगितलं जातं की एवढं कशाला ताणायचं. लोक प्रेमाने बोलतात, रणजी खेळाडूची आठवण निघते, हे काय कमी आहे? प्रेम आहे, मान्य. पण हे प्रेम अकरा वर्षं उशिरा आणि फुकटात आलेलं आहे. तो आसामकडून खेळत होता तेव्हा यातल्या किती जणांनी त्याची धावसंख्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर शोधली? शिवाय या प्रेमाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. ती कशी, ते पनवेलमध्येच पाहता येतं.

नवीन पनवेल, कामोठे, खारघर, या पट्ट्यात टर्फ आणि क्रिकेट अकादम्या पावसाळ्यातल्या टाकळ्यासारख्या उगवल्या आहेत. संध्याकाळी पाठीवर किट लटकवलेली पोरं, मागे दुचाकीवर बाप. तिथे शिकवणारी बहुतेक मंडळी जिल्हा, क्लब किंवा विद्यापीठ पातळीपर्यंत खेळलेली. त्यांतले काही फार चांगले शिक्षक आहेत. काही नुसतेच वेळ काढतात, कारण त्यांच्या मनावरही हेच ठसलं आहे की आपण खेळाडू म्हणून राहिलो, म्हणून इथे आलो. ही नोकरी म्हणजे हुकलेल्या गाडीनंतरचं बाकडं. आपलं मूल पंधराव्या वर्षी निवडीत राहिलं की बाप म्हणतो, बघू, नाहीच जमलं तर कोच होईल. आणि अकादमीत नाव घालताना पालक प्रशिक्षकाला पहिला प्रश्न विचारतात तो पोराच्या मनगटाचा किंवा पायाच्या हालचालीचा नसतो. ‘सर, तुम्ही कुठपर्यंत खेळलात?’

शिवाजी पार्कवर तेंडुलकर, कांबळी, आमरे, पंडित, मुझुमदार, पोवार, आगरकर यांना घडवणाऱ्या रमाकांत आचरेकरांना कुणी हा प्रश्न विचारला असता, तर खरं उत्तर होतं: प्रथम श्रेणीचा एक सामना, स्टेट बँकेकडून.